म्हणे डेमो आहे!

अमेरिकन गायक-गीतकार जेसन इस्बेलचा 'फॉक्सेस इन द स्नो' हा अल्बम ७ मार्च २०२५ ला आला आणि तेव्हापासून त्याच्या चाहत्यांमध्ये एक निकालपत्र फिरतंय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच. हा अल्बम नाही, डेमो आहे. बँडला वाऱ्यावर सोडलं. आधीच्या बायकोवर राग काढला. स्वतःचीच जुनी प्रेमगीतं खोटी पाडली. आणि शेवटचा टोला: माणूस दुःखात होता तेव्हाच बरं लिहायचा.

आधीच सांगून टाकते, मलाही हा अल्बम अख्खा आवडलेला नाही. 'डोन्ट बी टफ' या गाण्यात तो उपदेशांची यादी वाचतो. असं वाग, तसं वागू नको. लग्नाच्या वयाच्या पुतण्याला काका देतात तसे सल्ले. ते गाणं मी आता पुढे ढकलते. पण एखादी गोष्ट न आवडणं वेगळं आणि तिच्यावर नसते आरोप लावणं वेगळं.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इस्बेल उत्तर अलाबामाचा, मसल शोल्सजवळच्या ग्रीन हिलचा. जन्म १९७९. २००१ ते २००७ तो 'ड्राइव्ह-बाय ट्रकर्स' या ऑल्ट-कंट्री बँडमध्ये होता. कंट्री हे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत आणि नॅशव्हिल ही त्याची मोठी पेठ. ऑल्ट-कंट्री म्हणजे नॅशव्हिलच्या चकचकीत, साच्यातल्या कंट्रीला कंटाळून जुनं कंट्री आणि रॉक यांची आपल्या मर्जीने मोट बांधणाऱ्यांचा पंथ. दारू इतकी वाढली की बँड सुटला. २०१२ मध्ये व्यसनमुक्ती केंद्रात गेला आणि दारू सोडली. फेब्रुवारी २०१३ मध्ये अमांडा शायर्सशी लग्न केलं. ती उत्तम फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवते आणि स्वतःही गीतकार आहे. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा 'साउथईस्टर्न' हा अल्बम आला आणि त्याचं नशीब पालटलं. डिसेंबर २०२३ मध्ये घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला. त्यानंतर वर्षभराच्या आत हा माणूस न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत एकटा गिटार घेऊन बसला. त्या बैठकीतून निघालेली अकरा गाणी म्हणजे हा अल्बम.

आता डेमोचं बघू.

डेमो म्हणजे कच्चा खर्डा. गाणं कसं आहे हे बँडला किंवा कंपनीला कळावं म्हणून घरी, मिळेल त्या माइकवर उरकलेलं रेकॉर्डिंग. हा अल्बम झाला इलेक्ट्रिक लेडीमध्ये, म्हणजे गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये उभारलेल्या, १९७० पासून चालू असलेल्या स्टुडिओत. पाच दिवस लागले, हा म्हणे घाईचा पुरावा. नॅशव्हिलमध्ये तीन तासांच्या एका सेशनला तीन-चार गाणी उरकायची रीत कित्येक दशकं होती आणि ज्या जुन्या कंट्रीसाठी हेच चाहते जीव टाकतात ते बरंचसं तसंच रेकॉर्ड झालेलं आहे. शिवाय हे पाच दिवस रेकॉर्डिंगचे. लिहिण्याचे दिवस त्यात कुणी धरलेले नाहीत.

गिटारीचं तर बघाच. १९४० सालची, मार्टिन कंपनीची ०-१७. अख्खी महोगनीची, वरची फळीसुद्धा. एरवी गिटारीची वरची फळी बहुतेक वेळा स्प्रूस या लाकडाची असते, तिचा आवाज खुला आणि घुमणारा. ही गिटार अंगानेही लहान आणि तिच्या काळात मार्टिनच्या स्वस्त गिटारींपैकी एक. महोगनीचा आवाज कोरडा, मधल्या पट्टीत बसणारा. खर्ज फार घुमत नाही, तार छेडली की सूर लगेच विरतो. एकट्या गाणाऱ्याला याचा उपयोग असा की गिटार आवाजाच्या अंगावर चढत नाही. तोटा असा की तिच्यामागे लपताही येत नाही. माझ्या भावाची डबा गिटार याच्या अगदी उलट आहे, सगळीकडे नुसती घुमते, त्यामुळे चुकलं तरी खपून जातं. या बाईसाहेबांपुढे चूक खपणार नाही. ज्याच्याकडे वाटेल ती गिटार उचलण्याची ऐपत आहे त्याने ही एकच निवडली आणि सगळा अल्बम तिच्यावर केला. याला निष्काळजीपणा कसा म्हणायचं?

पहिलं गाणं 'बरी मी'. रात्री हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला गिटारसुद्धा नाही. नुसता आवाज, आजूबाजूला काही नाही. एका क्षणी वाटतं, आपल्याकडेच काहीतरी बिघडलं, दुसरा ट्रॅक वाजत नाहीये की काय. मी खरंच फोन काढून बघितला होता. मग गिटार येते आणि तारेवरून बोट सरकल्याचा तो बारीक कचकन आवाज ऐकू येतो, जो एरवी ड्रम आणि बेसखाली गाडला जातो. हे सगळं जाणूनबुजून ठेवलेलं आहे.

आणि समजा, डेमोच असता, तरी ती शिवी कधीपासून झाली? रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ साली 'नेब्रास्का' हा अल्बम काढला, तो खराखुरा डेमो होता. न्यू जर्सीतल्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केलेला. बँडला घेऊन तीच गाणी पुन्हा करून बघितली, जमली नाहीत, म्हणून ती कॅसेटच बाजारात आणली. आज 'नेब्रास्का'ला कुणी अर्धवट म्हणत नाही. इस्बेलवर डेमोचा शिक्का मारणारेही म्हणत नाहीत.

एक मात्र कबूल. अल्बमच्या मधल्या भागात तीन-चार गाणी सलग एकाच चालीने चालतात आणि कान आपोआप ड्रम शोधायला लागतो. हा दोष क्रम लावण्यातला आहे. गाणी जराशी इकडची तिकडे केली असती तरी बराच फरक पडला असता.

बँडचं तर दोन मिनिटांत उरकता येईल. त्याच्या बँडचं नाव 'द फोर हंड्रेड युनिट', अलाबामातल्या फ्लॉरेन्सच्या एका मनोरुग्ण विभागावरून घेतलेलं. तर तक्रार अशी की कव्हरवर बँडचं नाव नाही, म्हणजे बँडला काढलं. चाहत्यांचा देव्हाऱ्यातला अल्बम कुठला? 'साउथईस्टर्न'. त्याच्या कव्हरवर बँडचं नाव आहे? नाही. २०१५ च्या 'समथिंग मोर दॅन फ्री'वर? तिथेही नाही. त्या दोन्हींवर बँडमधली माणसं वाजवतात आणि इथे कुणीच वाजवत नाही, हा फरक आहे, पण तो एका अल्बमपुरता. २०२४ मध्येच नॅशव्हिलच्या रायमन सभागृहातल्या मैफलींचा दुसरा खंड याच बँडबरोबर निघाला होता आणि नंतरच्या दौऱ्यांतही बँड आहेच. घरचा स्वयंपाक सोडून माणूस एक दिवस नुसती भाकरी-कांदा खाऊन उठला तर घर मोडलं असं होत नाही.

'दुःखात होता तेव्हाच बरा होता' हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं. इस्बेलच्याच बाबतीत तर ते साफ उलटं आहे. त्याचे दारूतले, स्वतःच्या नावावरचे अल्बम २००७ ते २०११ चे. त्यात 'अलाबामा पाइन्स'सारखं एखादं सुंदर गाणं आहे, नाही असं नाही. पण जे लोक छातीशी धरतात ते सगळं दारू सुटल्यानंतरचं. सहाच्या सहा ग्रॅमीही नंतरच्याच: २०१६, २०१८ आणि २०२४ मध्ये दोन-दोन. त्यातली बहुतेक वर्षं तो नवरा होता, बाप होता, वेळेवर झोपत होता. कलावंताने आपल्या करमणुकीसाठी रडत बसावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी निदान त्याला कलेच्या काळजीचं नाव देऊ नये.

आता राग काढल्याचा आरोप. इथे थोडं थांबायला हवं, कारण यात तथ्य आहे, फक्त सांगतात तेवढं नाही.

'ट्रू बिलीव्हर'मध्ये एक ओळ आहे. तुझ्या सगळ्या मैत्रिणी म्हणतात की मी तुझं मन मोडलं, आणि हे मला आवडत नाही, असं तो एक शिवी हासडून म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. चाळिशी उलटलेला, शब्दांचा एवढा मोठा कारागीर, आणि तक्रार काय, तर मैत्रिणी काय म्हणतात! पण गाणं त्या ओळीवर संपत नाही. जे जळतंय ते जळून जाऊ द्यावं लागेल इथपर्यंत ते जातं आणि तरी माझा विश्वास अजून आहे, असं तिलाच सांगून थांबतं. चिडका माणूस गाण्यातून वजा केला असता तर तो शेवट फुकटचा वाटला असता. ओळ मला आजही आवडत नाही. ती तिथे का आहे ते मात्र कळतं.

अकरातली किती गाणी काडीमोडाबद्दल आहेत ते मोजा. तीन, फार तर चार. 'क्रिमसन अँड क्ले' गावाकडच्या मातीबद्दल आहे. 'राइड टू रॉबर्ट्स'मध्ये नॅशव्हिलच्या ब्रॉडवेवरचा 'रॉबर्ट्स वेस्टर्न वर्ल्ड' हा खराखुरा बार आहे. शीर्षकगीत नव्या प्रेमाचं आहे, आणि मला वाटतं अनेकांना खरं तेच झोंबलंय. राग परवडला, पण इतक्या लवकर आनंद? तो कसा चालवून घ्यायचा?

एकतर्फी आहे, असंही म्हणतात. गाणं एकतर्फीच असतं, त्यात उलटतपासणी नसते. आणि अमांडा शायर्स काही मुकी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिचा 'नोबडीज गर्ल' आला आणि तिने आपली बाजू आडपडदा न ठेवता मांडली. त्याला ऐकणारे जास्त आहेत, त्याचा आवाज लांबवर जातो, हा मुद्दा खरा आहे आणि मला मान्य आहे. पण त्यावर उपाय तिचा अल्बमही ऐकणं हा आहे. त्याच्या अल्बमवर चरफडणाऱ्या किती जणांनी तो ऐकला?

याच्याशी जोडून एक बरा मुद्दा आहे, जो कमी फिरतो. शायर्स त्याच्या ओळी तपासायची. २०२३ मध्ये आलेल्या एचबीओच्या माहितीपटात ते दिसतं, त्यावरून उडालेले खटकेसुद्धा. ती नसल्याने कात्री गेली, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. 'डोन्ट बी टफ' तिच्या नजरेखालून गेलं असतं तर त्यातले निम्मे सल्ले उडाले असते, असं मला राहून राहून वाटतं.

राहता राहिली जुनी प्रेमगीतं. या आरोपात खरी दुखरी नस आहे. २०१७ चं 'इफ वी वेअर व्हॅम्पायर्स' आठवा. आपण अमर असतो तर हात धरायची एवढी गरजच वाटली नसती, असं ते गाणं. त्यात तो दोघांसाठी अंदाजे चाळीस वर्षं धरतो आणि मग कुणीतरी एक मागे उरेल म्हणतो. मिळाली अकराच्या आत. 'साउथईस्टर्न'मधलं 'कव्हर मी अप' तर तिच्यासाठीच लिहिलेलं. ही गाणी लावून लोकांनी लग्नं केली आहेत. आता ते म्हणतात, तू आम्हाला फसवलंस.

पण हे त्याच्या लक्षात आलं नसेल का? 'ग्रॅव्हलवीड' ऐका. खडीतून उगवणारं तण, ते म्हणजे तो. तुझ्या आधाराने उभा राहिलो, आणि वाढून झालो असं मलाच वाटायला लागलं त्या दिवसाबद्दल माफ कर, असं तो म्हणतो. माझ्याच चाली माझ्यावर उलटलेल्या बघायला मी जिवंत राहिलो. प्रेमगीतांचा अर्थ आज वेगळा लागतो, त्याचीही माफी. चाहते त्याला जे सुनावतात ते त्याने आधीच, त्यांच्यापेक्षा कमी शब्दांत, स्वतःला सुनावून ठेवलंय. माझ्या मते हे अल्बममधलं सर्वात चांगलं गाणं आहे. आणि हे गाणं बँडबरोबर झालं असतं तर ती माफी एवढ्या जवळून ऐकू आली नसती.

शिवाय प्रेमगीत म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे. 'साउथईस्टर्न'साठी जे लिहिलं ते तेव्हा खरं होतं आणि ज्यांनी ते लावून हार घातले त्यांचं लग्न काही त्याच्या लग्नावर टेकलेलं नाही. तो 'कव्हर मी अप' अजून गातो. त्या गाण्यात एक ओळ येते, जिथे तो म्हणतो की ती नशा या वेळी कायमची सोडली. 'साउथईस्टर्न' आल्यापासून प्रत्येक मैफलीत नेमकं तिथेच सभागृह ओरडून उठतं. ती टाळी लग्नाला कधीच नव्हती. आणि दारू अजून सुटलेलीच आहे.