घामाचे दाम

खेळाडूने सामन्यात घातलेली जर्सी विकत घ्यायचं ठरवलंत, उत्तम केलंत. आता एकच पथ्य पाळा: जर्सीकडे बघू नका, विकणाऱ्याकडे बघा. जर्सीकडे बघायला लागलं की शिवणी दिसतात, लेबलं दिसतात, तारखा आठवतात आणि जमत आलेला सौदा फिसकटतो. विकणारा मात्र खरोखर बघण्यासारखा असतो. तो धंदा करत नसतोच मुळी; घरात अडचण आली म्हणून नाइलाजाने काळजाचा तुकडा देत असतो. त्याच्या मेव्हण्याची ड्रेसिंग रूममध्ये ओळख असते. मेव्हणा नसेल तर मालिशवाला, हॉटेलचा मॅनेजर, नाहीतर धोबी. माझं मत विचाराल तर धोबी सर्वांत चांगला. जर्सीवर घामाचा एकही डाग कसा नाही, हा प्रश्न धोब्याबरोबर आपोआप धुऊन निघतो.

सुरुवात अर्थातच सचिनपासून. नोव्हेंबर २०१३, वानखेडे, दोनशेवी आणि शेवटची कसोटी. त्या कसोटीतला पांढरा शर्ट तुमच्यापुढे येईल. पाठीवर ठसठशीत ‘तेंडुलकर’, खाली १०. डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. पाणावलेल्या डोळ्यांना बारकावे दिसत नाहीत. नेमक्या अशा वेळी क्रिकेटचा किडा असलेला एखादा मित्र टपकतो आणि सांगतो की कसोटीच्या पांढऱ्या शर्टांवर नाव-नंबर आले ते ऑगस्ट २०१९ च्या ॲशेसपासून. तोवर सचिनला निवृत्त होऊन साडेपाच वर्षं उलटली होती. या मित्राकडे जाणं-येणं कमी करा. कारण तो तेवढ्यावर थांबणार नाही. १९९६ च्या विश्वचषकात पाठीवर फक्त नावं होती, विश्वचषकात नंबर १९९९ ला आले, त्यामुळे तुमची ‘१९९६ ची दहा नंबर’ही खोटी, असं तो म्हणेल. २०११ च्या अंतिम सामन्याच्या जर्सीवर छातीभर प्रायोजकाचं नाव असूच शकत नाही, आयसीसीच्या स्पर्धांत छातीवर देशाचं नाव असतं आणि प्रायोजकाला बाहीवर भागवावं लागतं, हेही ऐकवेल.

खचू नका. या बाजारात चूक नावाची वस्तूच नसते, दुर्मीळ नमुना असतो. ‘साहेब, छपाईत गडबड झालेले दोनच पीस निघाले, एक सचिनने स्वतःकडे ठेवला,’ असं विक्रेता सांगेल. दुसरा तुमच्या नशिबात लिहिला होता. दुर्मीळ म्हटल्यावर किंमत दुप्पट होणार, हेही ओघाने आलंच.

आता सर्टिफिकेट. ते जाड कागदावर असावं, कडेला सोनेरी वेलबुट्टी असावी, खाली सही अशी असावी की कुणाची ते कळू नये. ते दिलं कुणी, त्याने जर्सीत नेमकं काय तपासलं, असले प्रश्न विचारणं असभ्यपणाचं आहे. कागदाचा मान राखायला अमेरिकेकडून शिकावं. तिथे १९९० च्या दशकात खोट्या सह्यांचा इतका सुकाळ झाला की सॅन डिएगोचा बेसबॉलपटू टोनी ग्विन याला आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सह्यांचा संशय आला. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने धाडी घातल्या. बनावट मालाचा धंदा दहा कोटी डॉलरच्या घरात गेला होता, असा अंदाज निघाला. सापडलेल्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलचे चेंडूही होते. कोलकात्याच्या वस्तीत रुग्णसेवा करता करता माउलींनी कुठल्या मैदानात चेंडूवर सही केली, हे कुणी विचारलं नाही, कारण सोबत सर्टिफिकेट होतं. असा ग्राहक हवा!

त्या प्रकरणानंतर अमेरिकन बेसबॉलवाल्यांनी मात्र रसभंग केला. २००१ पासून त्यांनी सामन्याच्या वेळी मैदानावरच साक्षीदार बसवायला सुरुवात केली. यातले बरेचसे आजी-माजी पोलीस. वस्तू खेळातून बाहेर आली की त्यांच्या डोळ्यांदेखत तिच्यावर होलोग्राम चिकटतो. त्यावर नंबर असतो आणि तो नंबर टाकला की वस्तू कुठल्या सामन्यातली, हे घरबसल्या दिसतं. तुम्ही हा नंबर कधीही टाकून बघू नका. होलोग्राम चमकतो आहे ना? मग झालं. चमकणारा कागद रोलच्या रोल मिळतो, हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही.

हल्ली आणखी एक खूळ निघालं आहे, फोटोमॅचिंग. सामन्यातले मोठे, स्पष्ट फोटो घ्यायचे आणि जर्सीशी टाक्यागणिक ताडायचे. जाळीदार कापडाची छिद्रं नंबरच्या कडेला नेमकी कुठे कापली गेली आहेत, बिल्ल्याचा कुठला टाका वाकडा आहे, इस्त्रीने चिकटवलेल्या आकड्याला कुठे सुरकुती आहे, हे दोन शर्टांत सारखं असत नाही, म्हणून ते बघतात. दिवसेंदिवस भिंग घेऊन बसतात बिचारे. तुम्ही हे काम घरीच, चहा गार व्हायच्या आत उरकू शकता. फोटोत जर्सी निळी आहे, हातातली निळी आहे. मॅच झालं.

या खुळापायी काय होतं, ते मॅराडोनाच्या शर्टावरून समजून घ्या. २२ जून १९८६, मेक्सिको सिटीचं अझ्टेका मैदान, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. अर्जेंटिनाचे निळे शर्ट त्या उकाड्यात जड होतील, असं प्रशिक्षक बिलार्डो यांना वाटलं, म्हणून संघाच्या माणसाने शहरातल्या दुकानातून हलके शर्ट आणले. त्यावर घाईघाईत बिल्ले शिवले आणि अमेरिकन फुटबॉलच्या जर्सीला शोभतील असे चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटवले. म्हणजे फुटबॉलच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला शर्ट चक्क बाजारातून उचललेला, घरगुती शिवणकामाचा! तो शर्ट त्या काळी कुणी तुमच्याकडे आणला असता तर आकडे बघूनच तुम्ही त्याला ‘डुप्लिकेट’ म्हणून हाकललं असतंत. आणि नीटस बिल्ल्याची, सरळ टाक्यांची नक्कल आनंदाने घेतली असतीत. तुमच्या नजरेवर माझा पूर्ण विश्वास आहे.

सामना संपल्यावर बोगद्यात इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने मॅराडोनाशी शर्ट बदलला. हा हॉज म्हणजे ज्याच्या चुकलेल्या फटक्याने चेंडू हवेत उडाला आणि पुढे मॅराडोनाचा तो ‘देवाचा हात’ त्याला लागून गोल झाला, तोच. एका चुकीचं इतकं फळ क्वचितच कुणाला मिळालं असेल. २०२२ मध्ये सदबीज्‌ने शर्ट लिलावात काढला, तेव्हा मॅराडोनाच्या घरच्यांनी हरकत घेतली: हा पहिल्या हाफचा शर्ट, गोल केले तो वेगळा. गोल ५१ व्या आणि ५५ व्या मिनिटाला, म्हणजे दुसऱ्या हाफमध्ये. कोट्यवधींचा प्रश्न पंचेचाळीस मिनिटांवर येऊन थांबला. मग सामन्यातले जुने फोटो शोधून काढले गेले, बिल्ला, पट्टे, आकडे ताडले गेले आणि शर्ट दुसऱ्या हाफचाच ठरला. ७१ लाख पौंड आले. पुढच्याच वर्षी मेस्सीचे २०२२ च्या विश्वचषकातले सहा शर्ट ७८ लाख डॉलरना गेले आणि ते पहिल्या हाफचे आहेत हे विकणाऱ्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. तुम्ही मात्र हाफ कुठला, असं विचारू नका. विकणारा ‘पूर्ण सामन्याचा’ म्हणून देतोय, त्यात तुमचाच फायदा आहे.

अमेरिकन बेसबॉलपटू बेब रूथच्या जर्सीची गोष्ट तर मला फार आवडते. १९३२ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, तिसरा सामना, शिकागो. रूथने म्हणे आधी बोट दाखवलं आणि मग तिकडेच चेंडू टोलवला. त्या दिवशीची राखाडी जर्सी २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरना गेली. मग जुन्या फोटोंशी ताडून ती पक्की झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये २ कोटी ४१ लाख डॉलरना विकली गेली. आता जर्सीबद्दल शंका उरली नाही. रूथने बोट दाखवलं होतं का, यावर मात्र अजून भांडणं चालू आहेत.

डागांकडे वळू. जर्सी जितकी मळकी तितकी अस्सल, हे सूत्र धरून चाला. चहाच्या पाण्यात बुडवली की कापड म्हातारं होतं, सँडपेपर फिरवला की कोपर झिजतं, कुंडीतली माती चोळली की वानखेडेची होते. हा कारखाना चालतो तो तुमच्यासारख्यांच्या कौतुकावर. हल्लीचे खेळाडू एका सामन्यात दोन-दोन शर्ट बदलतात, त्यातले काही पिशवीतून बाहेरही निघत नाहीत, त्यामुळे खरी जर्सी बऱ्याचदा कोरी दिसते. तुम्ही तिला नाकारा. कापड फाटलेलं आणि रफू केलेलं असावं. रफू संघाच्या शिंप्याने केलं की दुकानदाराच्या बायकोने, हे कापड सांगत नाही.

‘थेट खेळाडूकडून’ हे शब्द ऐकलेत की मात्र पाकीट बाहेर काढा. न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा इलाय मॅनिंग याच्यावर २०१४ मध्ये संग्राहकांनी दावा ठोकला की सामन्यात वापरलेली म्हणून विकली गेलेली हेल्मेटं वापरलेली नव्हती. वापरलेली वाटतील अशी दोन हेल्मेटं दे, अशा अर्थाचा त्याचा ईमेलही कोर्टात आला. त्याने आरोप फेटाळले आणि २०१८ मध्ये खटला उभा राहण्याआधीच तडजोड झाली. तेव्हा खरं काय, ते कुणालाच कळलं नाही, आणि संग्रहाच्या छंदात हीच अवस्था सर्वांत सुखाची.

अख्खी जर्सी परवडत नसेल तर बोटभर तुकडा घ्या. अमेरिकेत खेळाडूंच्या कार्डांत जर्सीचे कापलेले तुकडे बसवून विकतात. कार्ड कंपन्यांनाच खोट्या जर्सी खपवणाऱ्या विक्रेत्यांवर २०११ मध्ये तिथे खटले भरले गेले. कापलेला तुकडा फोटोशी ताडणार कसा? आता कित्येक कार्डांच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा तुकडा कुठल्याही विशिष्ट सामन्यातला नाही. म्हणजे कापड आहे, एवढं नक्की. ते वाचूनही लोक घेतात, त्यांच्यापुढे मी हात टेकले.

जर्सी शंभर टक्के अस्सल असली तरी सावध राहा. अमेरिकन फुटबॉलपटू टॉम ब्रेडीची फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमधली, म्हणजे त्या खेळाच्या अंतिम सामन्यातली जर्सी अस्सल होती, त्यात वादच नाही. फक्त ती ड्रेसिंग रूममधून चोरलेली होती. मेक्सिकोतला एक पत्रकार गळ्यात पास अडकवून आत शिरला आणि ती घेऊन बाहेर पडला. पाच लाख डॉलरची वस्तू पाच-सहा आठवड्यांत पोलिसांनी शोधली, तर शेजारी ब्रेडीचीच आणखी एक, २०१५ च्या सुपर बोलची निघाली. पास अडकवलेल्या त्या माणसापुढे तुमचा मेव्हणेवाला अगदीच सज्जन म्हणायचा.

अरसिकांसाठी सरळ रस्ता आहेच. ऑगस्ट २०२४ मध्ये के. एल. राहुल आणि अथिया शेट्टी यांनी मुलांसाठी काम करणाऱ्या मुंबईच्या विप्ला फाउंडेशनसाठी लिलाव केला, त्यात विराट कोहलीची जर्सी ४० लाखांना गेली. वस्तू कुणाकडून आली हे उघड, पैसे कुठे गेले हेही उघड, आणि मुलांचं भलं झालं. यात थरार कुठे आहे? तुम्हाला तीच जर्सी साडेआठ हजारांत मिळते आहे, तीही घासाघीस करून. पैसे यूपीआयने पाठवा आणि शेऱ्यात ‘उसने परत’ लिहा, म्हणजे पुढे तक्रार करायची झाली तर पोलीस तुमच्याकडेच बघून हसतील.

आणि घरी आणल्या आणल्या फ्रेम करून टाका. काच जाड, मागून फळी ठोकलेली, कडा सिलिकॉनने बंद. फ्रेमवाल्याला बजावून सांगा की मानेजवळचं लेबल आत दुमडून टाक. त्यावर ‘डबल एक्सएल’ लिहिलेलं आहे आणि सचिनची उंची पाच फूट पाच इंच.