अंदाजाने उमटणारी मराठी

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या महाप्रसादाचा हिशेब मी मोबाईलवरून गटावर टाकला. 'आचाऱ्यांना आगाऊ रक्कम दिली' असे लिहायचे होते, उमटले मात्र 'आचार्यांना'. हे आचार्य कोण आणि त्यांनी आगाऊ रक्कम कशापोटी घेतली, अशी विचारणा दोघांनी गटावरच केली. पाठवण्यापूर्वी वाचून न पाहण्याची चूक माझीच होती. परंतु ती घडली याचे मूळ असे की, बहुतेकांप्रमाणे मीही रोमन अक्षरे टंकून त्यांची देवनागरी फोनकडून करून घेत होतो.

या पद्धतीत आपण जे लिहितो ते फोन उमटवत नाही, तर आपल्याला काय लिहायचे असावे याचा अंदाज बांधतो. रोमनमधल्या एकाच 'एन'ला न आणि ण, एकाच 'एल'ला ल आणि ळ अशी दुहेरी चाकरी करावी लागते. के, ए, एल एवढे टंकले की काल, काळ, कल, कळ यांतले आपल्याला काय हवे, हे यंत्राने ठरवायचे. पाण्याचे 'पानी' होते ते असेच, आणि दर्या व दऱ्या यांतला फरक तर रोमनमध्ये दाखवताच येत नाही.

बटणांच्या फोनवर टी-नाइन नावाची सोय होती, तीही अंदाजावरच चाले. एका अक्षराला एकदाच बटण दाबायचे आणि शब्द फोनने ओळखायचा. ४६६३ दाबले की इंग्रजीतले गुड, होम आणि गॉन हे तिन्ही शब्द जुळत. तेथे आठ बटणांवर २६ अक्षरे बसवायची असल्याने तो नाइलाज होता. टचस्क्रीनवर मराठीची सगळी अक्षरे मांडता येत असताना तोच नाइलाज आपण आपणहून का पत्करावा?

गंमत म्हणजे देवनागरीची बटणे असलेले जुने फोन या बाबतीत अधिक सरळ होते. क-वर्ग एका बटणावर, च-वर्ग पुढच्या बटणावर. घ हवा असेल तर चार वेळा दाबा. वेळ लागे, अंगठा दुखे, पण घ हा घच येई. संदेश मात्र महाग पडे. एका एसएमएसमध्ये साधी इंग्रजी १६० अक्षरे मावतात, देवनागरीची ७०. त्यातही मात्रा आणि हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह, वेगळे मोजले जातात, त्यामुळे 'ज्योत्स्ना' या एका नावालाच दहा जागा लागतात. त्या काळी लोक रोमनकडे वळले याचा दोष मी त्यांना देणार नाही. आता गप्पा इंटरनेटवरून होतात, तेव्हा ते कारणही उरलेले नाही.

महाप्रसादाच्या प्रकरणानंतर मी इन्स्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कळी असलेल्या धर्तीचा कळफलक घेतला. स्वर आणि मात्रा डावीकडे, व्यंजने बहुतांशी उजवीकडे. क आणि ख, ग आणि घ, त आणि थ या जोड्या एकेका कळीवर, ख, घ, थ अशा महाप्राण अक्षरासाठी शिफ्ट. पहिले आठ-दहा दिवस माझा वेग इतका खालावला की पत्नीने 'फोनच करा ना सरळ' असे सुनावले. पण ऱ, हलन्त, य एवढे दाबले की 'ऱ्य' उमटतो, आणि तो आचाऱ्यांपाशीच राहतो.

अंकांचे दुखणे वेगळे आहे. संगणकाच्या लेखी ५ हा मराठी अंक आणि इंग्रजी पाच ही दोन स्वतंत्र चिन्हे आहेत. परवा एका ऑनलाइन अर्जात मी देवनागरी अंकांत मोबाईल क्रमांक भरला, तर 'योग्य क्रमांक भरा' असा शेरा आला, तोही शुद्ध मराठीत. शेरा मराठीत देणाऱ्याला दहा अंकांचे रूपांतर करून घेणे अवघड नव्हते. अगदी थोडक्या ओळींचे ते काम आहे. मी कळफलक बदलून तोच क्रमांक पुन्हा भरला आणि अर्ज तत्काळ पुढे सरकला.