वारा पडला

परवाच्या बॅचच्या स्नेहमेळाव्याच्या ग्रुप फोटोत मी नाही. कारण फोटो मीच काढलाय. हौसेनं नव्हे, उशिरा आलो म्हणून सगळ्यांनी एकमतानं मोबाइल माझ्या हातात कोंबले. एक नाही, नऊ.

नौदलातून निवृत्त होऊन आता मी किनाऱ्यावर नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी छोटी शिडाची होडी हाकतो. मेळावा बंदरालगतच होता, म्हटलं समुद्रातूनच जाऊ. बायको म्हणाली, "गाडीनं जा." हा विषय आपण इथंच सोडू.

अंतर १२ सागरी मैल. वारा नेमका समोरून. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही. पंचेचाळीस अंश डावीकडे, मग पंचेचाळीस उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं आणि बाराचे सतरा मैल होतात. ते मी धरले होते. पहाटे सहाला निघालो, चार नॉटचा, म्हणजे तासाला चार सागरी मैलांचा वेग, सव्वादहाला पोचलोच असतो. पण मध्येच वारा पडला. १८०५ साली ब्रिटिश नौदलातल्या ब्यूफोर्टसाहेबांनी वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी बसवली, शून्य ते बारा. बारा म्हणजे चक्रीवादळ. शून्य म्हणजे समुद्राचा आरसा. त्या आरशात स्वतःचा इस्त्रीचा कोट बघत मी पावणेचार तास बसलो. इंजिन आहे. ते त्या दिवशी चालू झालं नाही. ते कधीच 'त्या दिवशी' चालू होत नाही.

दारातच भांडारी उभा. खरं नाव नको, आम्ही त्याला भांडारीच म्हणायचो. अख्खी नोकरी किनाऱ्यावरच्या स्टोअरमध्ये काढली. धक्क्याला बांधलेल्या जहाजावर चढला तरी त्याला मळमळायचं. आता मात्र टायवर नांगर, कफलिंकवर नांगर, अंगठीवर नांगर. एवढे नांगर टाकल्यावर माणूस दारातून हलणार कसा?

"किती वाजता बोलावलं होतं?"

"अकरा."

"म्हणजे यायचं किती वाजता?"

"दहा पंचावन्न." आपोआप निघालं तोंडातून. टाचासुद्धा जुळल्या, त्याची जास्त लाज वाटली.

"आत्ता वाजले किती?"

"दोन दहा."

"कारण?"

"वारा पडला."

"कुठे पडला?"

"अरे, म्हणजे थांबला."

"मग तू कशाला थांबलास?"

मी शीड, वारा, पंचेचाळीस अंश, सगळं समजावलं. हातानं होडीसुद्धा करून दाखवली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "तुझ्या नावावर अजून एक रेनकोट येणं आहे."

"तो वाऱ्यानं उडून समुद्रात गेला! तेव्हाच लिहून दिलं होतं."

"म्हणजे तेव्हा वारा होता म्हणून रेनकोट गेला, आणि आज वारा नव्हता म्हणून तू आला नाहीस." डोळे बारीक करून त्यानं विचारलं, "तुझं वाऱ्याशी नक्की काय आहे?"

मागे आठ-दहा जण हसले. त्यातल्या दोघांबरोबर मी भर वादळात रात्र-रात्र सुकाणूवर काढली आहे. तेही हसले.

बरं, हे झालं रविवारी. परतताना पुन्हा तेच, आणि सोमवारी ऑफिसात मी दुपारी. रजेच्या अर्जात कारणांचे तीन पर्याय: आजारपण, कौटुंबिक, इतर. 'इतर'पुढे 'वारा पडला' लिहिलं. साहेब, वयानं माझ्या मुलाएवढा, म्हणाला, "तुम्ही तर फौजेतले, शिस्तीचे ना?" म्हणजे मेळाव्यात मी बेशिस्त दर्यावर्दी, ऑफिसात बेशिस्त फौजी, आणि धक्क्यावरचे लोक म्हणतात, "नोकरीवाले, तळाचं शेवाळ खरवडायला कधी येताय?" जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ एकट्यानं शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. मोठाच माणूस, मान्य. पण त्याला सोमवारी हजेरी लावायची नव्हती.

काल भांडारीनं ग्रुपवर फोटो टाकला. सगळे ओळीत, पोटं आत. डाव्या कोपऱ्यात माझा अंगठा आलाय, अस्पष्ट. खाली त्यानं लिहिलंय, 'सर्व हजर. रेनकोट एक कमी.'