सूतखात्यातला माणूस

सोलापुरात मे महिन्यात लोकरीच्या मोज्यांचं नाव काढणाऱ्याला घरचे आधी सावलीत बसवतात आणि तळपायाला कांदा चोळतात. माझ्यावर ही वेळ आली ती माझ्याच थापेमुळे.

थाप तशी निम्मी खरी. मी गिरणीत सूतखात्यात एकोणीस वर्षं होतो. फक्त सूत काढायला नव्हतो, हजेरी मांडायला होतो. भोंगा झाला की कोण आलं, कोण उशिरा आलं, कुणाच्या जागी बदली कामगार उभा करायचा, एवढाच माझा सुताशी संबंध. पण गिरणी बंद पडल्यावर पोरांसमोर "आमच्या सूतखात्यात..." अशी सुरुवात केली की त्यांना वाटायचं, सूत कातायचं यंत्र, ती रिंग फ्रेम, बाबाच चालवायचे. मीही कधी खुलासा केला नाही. आपल्याबद्दलचा चांगला गैरसमज कोण मोडतो?

मुलगी एडिंबराला असते. यंदा आली ती बॅगेत शंभर ग्रॅम रंगीत मेरिनो लोकर घेऊन. विंचरून वेणीसारखा केलेला लांबलचक पेळू. एका टोकाला हळदी, मग शेंदरी, डाळिंबी, जांभळा आणि शेवटी मोरपंखी. "बाबा, तुम्ही काता, आई विणेल. मला घरचे मोजे पाहिजेत." मेंढी बहुतेक ऑस्ट्रेलियाची, रंग स्कॉटलंडचा, कताई सोलापूरच्या पूर्वभागातल्या आमच्या दोन खोल्यांत आणि मोजे परत स्कॉटलंडला. एवढा प्रवास आमच्या खानदानात कुणी केलेला नाही.

सोबत तिनं एक मोठी लाकडी टकळीही दिली. टकळीशी माझी जुनी ओळख. चौथीत आम्हाला सूतकताई होती. मास्तर म्हणायचे, याची एकच टकळी चालते, तोंडाची. साठ वर्षांत त्यात फरक पडलेला नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. दोरा तुटायचा आणि टकळी शहाबादी फरशीवर आदळायची. खालच्या मजल्यावरचा पोरगा दोनदा वर येऊन गेला, कुणी पडलं का बघायला.

त्यात पंखा बंद. पंखा लावला की लोकर उडते. पारा बेचाळिसावर, अंगात बनियन, आणि मांडीवर थंडीसाठी जन्माला आलेली वस्तू. घामेजल्या बोटांना चिकटून पेळूचे गोळे व्हायला लागले. नाकात शेंदरी, भुवईवर मोरपंखी. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग खटखट करत टॉवेल ओकत होते. इतक्या वर्षांत त्या आवाजाचा मला कधी हेवा वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला येणारे धनगर मामा दारात थबकले. "काय करलालाव काका?"

"सूत काढतोय."

त्यांनी दोरा बोटांवर घेतला. कुठं केसासारखा, कुठं करंगळीएवढा. "सापानं उंदीर गिळून पडल्यागत झालंय की हे." त्यांच्या घरी घोंगडीची लोकर कातत असत. किटली खाली ठेवून त्यांनी टकळी फिरवली, चांगला पीळ साठू दिला, मग ती गुडघ्यांत दाबून धरली आणि दोन्ही हातांनी लोकर ओढत तो पीळ हळूहळू वर सोडला. एवढंच. "आदी पीळ जमा करा, मग खर्च करा. तुमी उधारीवर चाललाव." एकोणीस वर्षं मी ज्यांची हजेरी मांडली, त्यांच्यापैकी एकानंही मला हे सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हेही खरं.

आठ दिवसांत दोन टकळ्या भरल्या. आता दोन पदर एकत्र पिळायचे. एकेरी धागा मोज्याला चालत नाही, टाचेला घासून चार दिवसांत भोक पडतं. मी उत्साहात पिळायला बसलो, तर दोरा बाजरीच्या शेवयांसारखा वेटोळी करत अंगावरच यायला लागला. ही मटकी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, उलटा पिळा."

"म्हणजे?"

"आमचे अण्णा अंबाडीचा दोर वळायचे. पेड एका अंगाला पिळायचे आणि दोन पेड एकमेकांत घालताना उलट्या अंगाला. म्हणजे पीळ पिळाला धरून बसतो. गिरणीत नव्हतं का असं?"

गिरणीत असंच होतं. डबलिंग, म्हणजे धागे एकत्र पिळायच्या खात्याची हजेरीसुद्धा माझ्याकडेच होती.

पीळ सुधारला, पण रंग बिघडला. दोन मोजे सारखे हवे असतील तर पेळू उभा चिरायचा असतो, म्हणजे दोन्ही भागांत रंग त्याच क्रमानं येतात. मी तो आडवा तोडला होता, उसाचं कांडं मोडावं तसा. त्यामुळे हळदीच्या गळ्यात नेमका जांभळा पडला आणि दोघं मिळून ओल्या काळ्या मातीसारखे दिसू लागले. निम्मं सूत होईपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मुलगी तोवर परत गेली होती. तिनं फोनवर तोड सांगितली. उरलेला धागा एकेरीच घ्यायचा, साखळीच्या टाक्यासारखे लांब फास काढत त्याचेच तीन पदर करायचे, म्हणजे हळदीशेजारी हळदीच येते. फास हातातून सुटले, गुंता झाला, तो सोडवताना माझा चष्माही त्यात गेला. पण रंग खरंच स्वच्छ उतरले. लड्या कोमट पाण्यात भिजवून दांडीवर वाळत घातल्या, तेव्हा समोरच्या वहिनींनी विचारलं, "कुरडयांना रंग घातला का यंदा?"

हिनं चौसष्ट टाक्यांवर मोजे उचलले. पहिला दोन पदरी, पातळ, मातकट. दुसरा तीन पदरी, जाड, रंगपंचमीचा. तीन पदर म्हणजे तेवढ्याच लोकरीत लांबी कमी, हे गणित मला सुचलं तेव्हा दुसऱ्या मोज्याची बोटं उघडी होती आणि सूत संपलेलं.

मामांनी घरून काळी लोकर आणून दिली. खास दख्खनी मेंढीची, घोंगडीची. हिनं मोज्याचा शेंडा त्याच लोकरीनं पुरा केला.

परवा मुलीचा निरोप आला. "बाबा, पाय मस्त गरम राहतात. फक्त एका पायाच्या अंगठ्याला घोंगडी टोचते, म्हणून मी रोज पाय बदलते. इथल्या मैत्रिणी विचारतात, वडील काय करायचे? मी सांगितलं, सूतखात्यात होते."

मी अजून उत्तर दिलेलं नाही.