‘एका दिवशी जास्तीत जास्त दिसले, तेवढेच मासे’ हा हिशेब का चुकतो

नाशिकमधल्या नदीप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: अमेरिकेत अंडी घालायला आलेले सॅमन ओढ्याकाठाने चालत मोजतात आणि ज्या दिवशी सर्वाधिक दिसतात, तोच त्या वर्षीचा एकूण आकडा, ओढ्यात आडवे कुंपण घालून केलेली मोजणी तर बिनचूकच, खुणा लावणे, सोनार (पाण्यात ध्वनिलहरी सोडून मासे टिपणारे यंत्र) वगैरे म्हणजे निधी मिळवण्याचा खटाटोप, आणि हीच सोपी रीत गोदावरीच्या चढणीच्या माशांना (पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांना) लावावी. यातले पहिले विधान सर्वांत पटण्याजोगे आहे आणि सर्वांत चुकीचेही, म्हणून जास्त जागा त्यालाच देतो.

नाशिककरांना ही चूक रामकुंडावर उभे राहून कळेल. पर्वणीच्या दिवशी घाटावर एका वेळी जास्तीत जास्त किती माणसे होती आणि दिवसभरात एकूण किती जणांनी स्नान केले, हे दोन आकडे एक नव्हेत, कारण पहाटे आलेले भाविक दुपारची गर्दी जमण्याआधीच परतलेले असतात. सॅमनचा हंगाम कित्येक आठवडे चालतो. आधी आलेले मासे अंडी घालून मरतात, तेव्हा मागचे ओढ्यात शिरलेलेही नसतात. म्हणून ठरावीक दिवसांनी फेऱ्या मारून प्रत्येक फेरीचा आकडा आलेखावर मांडतात, आलेखाखालचे क्षेत्रफळ काढतात आणि एक मासा ओढ्यात सरासरी किती दिवस जगतो त्या संख्येने त्याला भागतात. समजा, दर १० दिवसांच्या फेऱ्यांत ०, २००, ४००, ३०० आणि ० मासे दिसले. क्षेत्रफळ येते ९,००० ‘मासा-दिवस’. मासा १० दिवस जगत असेल तर एकूण मासे ९०० होतात. मजकुरातल्या रीतीने ते ४००च राहिले असते.

अर्थात ही पद्धतही सोवळी नाही. वास्तव्य १० ऐवजी १५ दिवसांचे धरले की तेच मासे ६०० वर येतात, आणि हे वास्तव्य जातीप्रमाणे, ओढ्याप्रमाणे, एवढेच नव्हे तर हंगामाच्या सुरुवातीला आणि अखेरीला वेगळे असते. शिवाय सगळे मासे दिसतात कुठे? मागच्या पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला एका फरशी पुलावर मी आणि माझा भाचा एकाच उडीच्या जागेवर नजर लावून अर्धा तास चढणीचे मासे मोजत होतो. माझे १७ झाले, त्याचे ३१. काठावरून ४ पैकी ३ मासे दिसत असतील, तर वरच्या उदाहरणातले ९०० हे प्रत्यक्षात १,२०० असतात. ही दृष्टीची त्रुटी प्रत्येक ओढ्यात स्वतंत्रपणे तपासावी लागते.

कुंपणाची मोजणी चांगली असते, हे मान्य. पण पूर आला की पाणी कुंपणावरून वाहते आणि त्या रात्री गेलेले मासे कोणत्याच वहीत येत नाहीत. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणात १९३८ पासून माशांच्या शिडीतून (धरण चढता यावे म्हणून बांधलेल्या पायऱ्यांच्या पाणवाटेतून) जाणारे सॅमन मोजले जातात. तिथेही काही मासे धरणावरून परत खाली येतात, पुन्हा शिडी चढतात आणि दुसऱ्यांदा मोजले जातात.

उरला ‘खटाटोप’. खुणांच्या पद्धतीत २०० माशांना खूण केली, नंतर मेलेल्या १५० माशांत ३० खुणांचे सापडले, म्हणजे पाचांत एक, तर अंदाज १,००० चा निघतो. त्या ३० पैकी ६ जणांच्या खुणा गळून पडल्या असतील, तर २४ च मोजले जातात आणि अंदाज फुगून १,२५० होतो. ही उणीव खरी आहे. म्हणूनच काही वेळा दोन खुणा लावतात, म्हणजे एक गळाली तरी दुसरी सांगते. सोनार लागतो तो अलास्कातल्या केनाई नदीसारख्या, हिमनद्या वितळून आलेल्या गढूळ पाण्यात, जिथे डोळ्यांचा उपयोग नाही. पण त्याला माशाची जात नीट ओळखता येत नाही, म्हणून सोबत जाळे टाकून जातींचे प्रमाण काढावे लागते. याउलट अलास्कातल्याच ब्रिस्टॉल बेच्या स्वच्छ नद्यांवर काठावरच्या मनोऱ्यांवरून दर तासाला १० मिनिटे मोजून सहाने गुणतात. पाणी बदलले की पद्धत बदलते, एवढेच त्यामागचे कारण.

आता गोदावरी. पॅसिफिक सॅमन अंडी घालून मरतो, म्हणून त्याचे ओढ्यातले दिवस मोजता येतात आणि त्याची कलेवरे तपासता येतात. आपले चढणीचे मासे, महसीर धरून, अंडी घालून जिवंत परततात आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढतात. ते चढतात तेही आषाढातल्या पहिल्या लोंढ्यात, जेव्हा ओहोळाचे पाणी चहासारखे असते. तिथे काठावरून ‘सर्वाधिक दिसलेले’ मासे मोजले, तर मोजले जाईल ते पाणी किती निवळले होते हेच.