जोतीराव पुढेही वाचा

नमस्कार. कॉलेजचं शिक्षण हा हक्क आहे, या माझ्या म्हणण्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण अभ्यासून लिहिली आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं: कॉलेज हा हक्क म्हटला की माझ्या करातून दुसऱ्याच्या पोराची पदवी होणार, पदवीधर आधीच पैशाला पासरी झालेत, त्यापेक्षा आयटीआय बरं, आणि खुद्द जोतीराव फुल्यांनीच इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे उच्च शिक्षणावरच्या सरकारी खर्चावर टीका केली होती.

जोतीरावांपासूनच सुरू करतो. १८८२ च्या निवेदनात ती टीका आहे, नाकारत नाही. शेतसारा भरायचा कुणब्याने आणि त्यावर शिकायची वरच्या जातींची मुलं, हा त्यांचा राग होता. पण तेच निवेदन पुढे वाचा. नुसत्या स्पर्धेवर शिष्यवृत्त्या दिल्या तर इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, असं ते सांगतात. घरी अभ्यास करणाऱ्यांना मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेला बसू दिलं म्हणून आभार मानतात आणि तीच सवलत वरच्या परीक्षांनाही मागतात. कॉलेजचं शिक्षण ज्याला फुकाचा थाट वाटतो, तो हे कशाला मागेल?

आता भार शेतसाऱ्याचा नाही, जीएसटीचा आहे. तो हमालसुद्धा भरतो.

हमाल म्हणालो कारण एकजण डोळ्यांसमोर आहे. एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात मी बरीच वर्षं स्कॉलरशिपचं टेबल सांभाळलं. मोंढ्यातल्या एका हमालाची मुलगी बी.एस्सी.ला होती, गुणांवर प्रवेश मिळालेला. उत्पन्नाचा दाखला जुना म्हणून फॉर्म दोनदा परत आला. तोवर ‘आधी फी भरा, पैसे आले की परत मिळतील.’ वडिलांनी दहा-वीसच्या नोटांत दीड हजार आणले, रुमालात बांधून. बाकी राहिली, निकाल अडला. पावती मीच फाडली होती, त्यामुळे या विषयावर मी तटस्थ नाही, हे तुम्ही बरोबर ओळखलंत.

मी हक्क म्हणतो तो एवढाच: ज्याला प्रवेश मिळाला, त्याला फीच्या खिडकीवरून परत पाठवता येऊ नये. पदव्या वाटा असं मी कुठे म्हटलंय? कोर्टातही हा घोळ झालेला आहे. मोहिनी जैन खटल्यात, १९९२ साली, सुप्रीम कोर्टाने सगळ्या पातळ्यांवरचं शिक्षण हक्क मानलं. कर्नाटकातल्या खासगी मेडिकलमध्ये सरकारी जागेला दोन हजार आणि परराज्यातल्या मुलीला साठ हजार, असा तो मामला होता. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन निकालाने हा हक्क चौदाव्या वर्षापर्यंत आणला. त्यापुढे सरकारच्या ऐपतीप्रमाणे. ऐपतीचा मुद्दा मला मान्य आहे. पण ऐपत नाही म्हणायचं आणि कागदावर शिष्यवृत्तीही ठेवायची, मग ती वेळेवर द्यायची नाही, याला काय म्हणायचं?

राहिलं आयटीआय. तुमचं पटतं. त्या मुलीलाही पटलं होतं. दुसऱ्या वर्षी ती टीसी मागायला आली. बाकी भरल्याशिवाय टीसी मिळत नव्हती.