प्रतिक्रियेला उत्तर : घंटेवरचं साल आणि वसईची लूट

नमस्कार खानापूरकर,

आपल्या गावच्या चर्चवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे मुद्दे दोन. तिथल्या घंटेवरच्या सालावरून मी चर्चचं वय ठरवलं, हे चुकलं. आणि ती घंटा चिमाजीअप्पांनी वसईहून आणलेल्यांपैकी आहे, हे वडीलधारी सांगत असताना मी ते गाळलं.

पहिला मुद्दा बिनशर्त मान्य. घंटेवरचं साल हे ती ओतल्याचं साल, टांगल्याचं नव्हे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातलीच घंटा बघा. तिच्यावर १७२१ आहे, देऊळ बांधलं १७४७ला. हे मला ठाऊक होतं, तरी आपल्या गावाबद्दल लिहिताना भान सुटलं. लेखातली ती ओळ आज काढली.

दुसरं मात्र पटत नाही. पोर्तुगीजांची वसई पडली मे १७३९मध्ये. तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठे सरदारांनी विजयाची खूण म्हणून आणल्या आणि वाहिल्या त्या देवाला! नाशिकला, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे, बाळ येशूला घेतलेली मेरीही आहे, आणि ती वाजते महादेवापुढे. जिंकून आणलेली घंटा पुन्हा चर्चला कोण कशाला देईल? आपली घंटा देवळात असती तर तुमच्या म्हणण्यावर मीही विचार केला असता.

मला गोव्याची वाट जास्त पटते. बेळगावचा धर्मप्रांत वेगळा झाला तो १९५३ साली. त्याआधी आपल्या भागाचा गोव्याच्या आर्चबिशपांशी संबंध होता. माणसं घाट चढून आली, तशी घंटाही आली असेल. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

‘मराठी वाचकाला चर्चचं काय?’ असंही शेवटी लिहिलंय तुम्ही. अहो, दुपारचे तीन-तीन टोल पडले की आमची आजी शेतात भाकरीचं फडकं सोडायची. तिला मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, काय ते माहीत नव्हतं. मयताचा संथ, एकेक टोल पडू लागला की मात्र हातातला विळा थांबायचा, ‘कुणाच्या घरचं?’ म्हणून.

तुमच्या आजोबांनी घंटेवरची अक्षरं जवळून पाहिली होती, असं म्हणता. त्यांना विचारून ठेवा, अक्षरं काठाजवळ होती की वर खांद्यापाशी? पाऊस थांबला की वर चढायला फादर हो म्हणालेत. शिडी डुगडुगते, खाली धरायला एक माणूस लागेल. येताय का?